कालपर्यंत टेन, आज एट: .२२ रायफलचा ग्रुप फुटतो तेव्हा काय तपासायचं

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की "सर, रायफल गेली" हे आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. कालपर्यंत प्रोनमध्ये (पालथं झोपून) दहा गोळ्यांना पंच्याण्णवच्या वर जाणारी मुलगी आज शहाऐंशीवर येते आणि तिचे वडील नव्या बॅरलची, म्हणजे नळीची, किंमत विचारू लागतात. आमच्या क्लबच्या .२२ रायफलींची देखभाल चौदा वर्षं माझ्याकडे आहे. एवढ्या काळात या तक्रारीपायी बॅरल बदलावी लागली ती दोनदाच. बाकी बहुतेक वेळी दोष काडतुसांच्या पेटीत, सैल स्क्रूत नाहीतर चेंबरमधल्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतल्या) काजळीत निघाला. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी फुकटात होणारं, मग थोड्या पैशांचं, कारागीर सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पेटीही बदलली, स्क्रूही आवळले आणि ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका) सुधारला, तर नेमका कशाने सुधारला ते कळत नाही आणि महिन्याभराने तोच गोंधळ पुन्हा सुरू होतो.

आधी लक्षण ओळखा

टार्गेट शीट फेकू नका, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. गोळ्या कशा पसरल्या आहेत त्यावरून निम्मं निदान होतं.

गोळ्या वर-खाली पसरल्या असतील, म्हणजे बारा आणि सहा वाजताच्या दिशेने, तर मला पहिली शंका काडतुसांच्या वेगाची येते. डावी-उजवीकडे पसरल्या असतील तर वारा, रायफलचा तिरकेपणा किंवा सैल साइट. एकाऐवजी दोन वेगळे घट्ट ग्रुप दिसले तर काहीतरी दोन जागी बसतंय: साइट, स्टॉकमधली (लाकडी दस्त्यातली) अ‍ॅक्शन (बोल्ट-चेंबरचा भाग) किंवा ट्रेमध्ये मिसळलेले दोन लॉट (कारखान्यात एका खेपेत बनलेली काडतुसं म्हणजे एक लॉट). नळी साफ केल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या भटकल्या आणि मग सावरल्या तर तो बिघाड नाहीच, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद होताना शेवटच्या मिलिमीटरला अडत असेल तर चेंबर घाण आहे. आठ गोळ्या उत्तम आणि दोन कुठेतरी दूर, त्यातही त्या दोनांचा आवाज जरा वेगळा, असं असेल तर फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पिन) किंवा जुनी काडतुसं.

या दोन वेळी तपासणी नाही, फायरिंग बंद

ट्रिगर ओढला आणि काहीच झालं नाही, तर बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबा आणि रेंज ऑफिसरला हात करा. दारू उशिरा पेट घेऊ शकते, आणि तेव्हा बोल्ट उघडा असला तर फुटलेली पुंगळी (काडतुसाचं धातूचं आवरण) तुमच्या तोंडाकडे येते.

दुसरी वेळ याहून वाईट. नेहमीच्या आवाजाऐवजी "फुस्स" झालं, धक्का जाणवला नाही, टार्गेटवर भोक नाही. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असण्याची शक्यता असते. तिच्यामागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते. बोल्ट काढा आणि नळी आरपार मोकळी आहे का ते मागच्या बाजूने पाहा. उजेड दिसला नाही तर रायफल तशीच आर्मररच्या (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याच्या) हातात द्या. अडकलेली गोळी घरी सळईने ठोकून काढताना चांगली नळी आतून खरवडली गेलेली मी पाहिली आहे.

पेटी वाचा (खर्च: शून्य)

पहिलं म्हणजे नळीवर कोरलेलं कॅलिबर (काडतुसाचं माप) आणि पेटीवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. ".२२" एवढं पुरत नाही. .२२ लाँग रायफल म्हणजे एलआर आणि .२२ मॅग्नम ही वेगळी काडतुसं आहेत. मॅग्नमची पुंगळी जाड असते, ती एलआरच्या चेंबरमध्ये बसत नाही. उलट एलआर मात्र मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैल बसते, फायर होते आणि तिची पुंगळी फाटून गॅस मागे येतो.

मग वेग पाहा. टार्गेट शूटिंगची एलआर काडतुसं मुद्दाम हळू ठेवलेली असतात: सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, नळीतून निघताना साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद. आवाजाचा वेग १५ अंशांना सुमारे ३४० असतो, म्हणजे गोळी सुरुवातीपासूनच त्याच्या खाली राहते. हाय व्हेलॉसिटीचं काडतूस आवाजापेक्षा जोरात निघतं आणि टार्गेटच्या वाटेवर त्या वेगाखाली उतरतं. त्या उतरणीच्या वेळी गोळी डळमळते. "जास्त जोरात जाते ती जास्त सरळ जाते" हा समज शिबिरात दर वर्षी खोडावा लागतो.

शेवटी लॉट नंबर. तो पेटीवर छापलेला असतो. एले कंपनीच्या टेनेक्ससारख्या पेटीवर लॉटसोबत मोजलेला वेगही असतो. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन पेट्यांचे लॉट वेगळे असतील तर त्या दोन वेगळ्या काडतुसांसारख्या वागू शकतात. आपल्याकडे हा दोष फार आढळतो, कारण काडतुसं आयात होऊन क्लबमार्फत मोजून मिळतात. मागच्या महिन्याची उरलेली बारा आणि आजची नवी पन्नास मुलं एकाच ट्रेमध्ये ओततात, आणि टार्गेटवर दोन ग्रुप उमटतात.

वेगातल्या फरकाने किती बिघडतं ते एकदा आकड्यांत पाहा. ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटर प्रतिसेकंदांचा फरक पडला तर हा उतार साडेसात मिलिमीटरच्या आसपास बदलतो. आंतरराष्ट्रीय ५० मीटर टार्गेटवर एका रिंगचं अंतर ८ मिलिमीटर आहे. म्हणजे नेम, श्वास, ट्रिगर सगळं जागच्या जागी असूनही जवळपास एक अख्खा गुण काडतुसानेच खाल्ला.

काडतुसं ठेवता कशी? (खर्च: शून्य)

एलआरच्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं. खिशात सुटी काडतुसं टाकली की त्या मेणाला धागे आणि वाळू चिकटतात, आणि ती वाळू पुढे नळीत घासत जाते. म्हणून काडतुसं पेटीत किंवा ब्लॉकमध्येच. चिकट वाटतात म्हणून फडक्याने पुसूही नका; ते वंगण गोळीला हवं असतं. चेंबरला तेल लावून ठेवणारेही भेटतात. ते तेल फायरिंगपूर्वी कोरड्या चिंदीने पूर्ण टिपलं पाहिजे.

मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत पेटी ठेवून यायचं आणि थेट फायरिंगला बसायचं, हे टाळा. तापलेल्या दारूचा वेग बदलतो आणि मेण पातळ होतं. पेटी रेंजवर सावलीत अर्धा तास तरी राहू द्या. एक पेटी उन्हात आणि एक सावलीत असली, तर लॉट एक असूनही त्या दोन लॉटसारख्या वागतात.

स्क्रू (खर्च: जवळपास शून्य)

पुढची साइट, मागची साइट, मग स्टॉकमधले अ‍ॅक्शन स्क्रू, या क्रमाने. साइट बोटांनी हलवून पाहा, अगदी किंचितही हलता कामा नये. अ‍ॅक्शन स्क्रू सैल असले की प्रत्येक धक्क्यानंतर अ‍ॅक्शन लाकडात थोड्या वेगळ्या जागी बसते. पावसाळ्यात लाकडी स्टॉक फुगतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसतो, त्यामुळे आमच्याकडे हे स्क्रू दिवाळीच्या आसपास हमखास सैल सापडतात.

किती आवळायचे? रायफलच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये आकडा दिलेला असतो, तेवढेच. सायकल दुरुस्तीसाठी मिळणारा छोटा टॉर्क रेंच यासाठी पुरतो. "हाताला लागेल तेवढं" आवळल्याने लाकूड दबतं आणि ग्रुप उलट मोठा होतो. नीट बसवल्यावर स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून पेंटची एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

दुसऱ्या हातात द्या (खर्च: वीस काडतुसं)

हे सांगताना पालकांना वाईट वाटतं, पण ही पायरी चुकवू नका. तीच रायफल, तीच पेटी, क्लबमधला एखादा शांत, अनुभवी नेमबाज. शक्य असेल तर बेंचवर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून दोन वेळा दहा गोळ्या. ग्रुप घट्ट आला तर रायफल ठीक आहे, मग स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा), गालाची जागा, पीपमधून (मागच्या साइटच्या भोकापासून) डोळ्याचं अंतर हे पाहायचं. वाढत्या वयातल्या मुलांचं असं फार होतं: सहा महिन्यांत उंची वाढते, बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) मात्र जुन्याच खुणेवर राहते. दुसऱ्याच्या हातातही ग्रुप फुटला तरच पुढे जा.

चेंबर आणि नळी (खर्च: चिंदी, ब्रश, थोडं सॉल्व्हंट)

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त रायफली इथे बऱ्या होतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पुंगळीचं तोंड चेंबरमध्ये जिथे संपतं, त्याच्या लगेच पुढे जळलेली दारू, शिसं आणि मेण साचून टणक कडं तयार होतं. नळी लखलखीत दिसत असली तरी हे कडं आत असू शकतं, कारण नुसती चिंदी त्यावरून घसरून जाते. नवी गोळी त्या कड्यात दाबली जाते, कधी एका बाजूने जास्त, आणि प्रत्येक फायरचा दाब वेगळा होतो. ओळखायची खूण सोपी आहे. रेंज ऑफिसरला सांगून, नळी टार्गेटकडे ठेवून, एक काडतूस चेंबरमध्ये घाला आणि फायर न करता हळूच बाहेर काढा. गोळीभोवती एकसारख्या बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका, मॅच रायफलच्या चेंबरमध्ये गोळी रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) टेकते आणि त्या उमटतात. एकाच बाजूला शिसं खरवडलेलं किंवा काळा पट्टा दिसला तर कडं आहे.

बोल्ट काढून टाका. ब्रॉन्झ ब्रशवर सॉल्व्हंट घेऊन ब्रश फक्त चेंबरच्या तोंडापर्यंत न्या, जागच्या जागी गोल फिरवा, दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा फिरवा. मग चिंद्या, काळं यायचं थांबेपर्यंत. रॉड नेहमी मागून, म्हणजे बोल्टच्या बाजूने, आणि रॉड गाइडमधून घाला. पुढच्या तोंडाकडून घातलेला रॉड नळीची शेवटची कड झिजवतो. तिथूनच गोळी हवेत सुटते. त्या कडेला एका बाजूने ओरखडा आला तर गॅस तिरका सुटतो आणि गोळीला ढकलतो. एनसीसीत पुलथ्रू (चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी) वापरलेल्यांनी दोरी ओढताना ती सरळ येते आहे ना ते पाहावं. दोरी कडेला घासूनही खाच पडते.

साफ केल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या टार्गेटवर मोजू नका. नळीत मेणाचा पातळ थर बसेपर्यंत त्या भटकतातच. मॅचच्या आदल्या संध्याकाळी नळी चकचकीत करून सकाळी थेट रेकॉर्डला बसणाऱ्या मुलांचे गुण इथे जातात. आमच्याकडे चेंबर दर अडीचशे-तीनशे गोळ्यांनी साफ होतं, अख्खी नळी त्याहून कमी वेळा.

लॉटची परीक्षा (खर्च: दीडशे-दोनशे काडतुसं)

वरचं सगळं झालं आणि तरीही ग्रुप मोठा आहे, तर या नळीला ही काडतुसं मानवत नाहीत असं धरून चला. महागडी पेटी घेतली म्हणजे झालं असं नसतं. शेजारच्या लेनवर एसके स्टँडर्ड प्लस काडतुसांनी सुंदर ग्रुप देणारी रायफल त्याहून कितीतरी महाग पेटीवर नाराज असलेली मी पाहिली आहे. लापुआ आणि एले या कंपन्या जर्मनीत शोनेबेकला आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला नेमबाजांच्या रायफली क्लॅम्पमध्ये बांधून लॉट निवडून देतात ते यासाठीच. आपण बेंचवर तेच साध्या रीतीने करायचं.

तीन लॉट घ्या. प्रत्येकाच्या आधी दहा गोळ्या नुसत्या नळी बसवायला, मग दहा-दहाचे चार ग्रुप. पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवर निर्णय घेऊ नका, पाच गोळ्या नशिबानेही एकत्र बसतात. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात मोठं अंतर मोजा, त्यातून गोळीचे ५.६ मिलिमीटर वजा करा. आता तुलना कशाशी? टेनची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची आहे आणि गोळीची कड रिंगला टेकली तरी टेन मिळतो. म्हणून भोकांची केंद्रं १६ मिलिमीटरच्या वर्तुळात असली तर सगळे टेन. चारही ग्रुप या आत ठेवणारा लॉट शिकणाऱ्या मुलाला भरपूर झाला.

वरच्या पातळीवर दशांश मोजले जातात, तिथे एवढ्यावर भागत नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं ते फायनलला ४४ गोळ्यांत ४५१.४ मारून, म्हणजे नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन, स्टँडिंग (उभं राहून) मिळून सरासरी दहाच्या वर पाव गुण. तिथे दशांशातला एक म्हणजे ०.८ मिलिमीटर. लॉटची निवड त्या मुलांसाठी सरावाइतकीच महत्त्वाची असते.

जमलेला लॉट सापडला की मिळतील तेवढ्या पेट्या मॅचसाठी बाजूला ठेवा आणि सराव दुसऱ्यावर करा. लॉट बदलला की साइटर (सुरुवातीच्या, गुणांत न धरल्या जाणाऱ्या) गोळ्यांत साइटचे क्लिक पुन्हा लावून घ्या.

"सर, पुंगळ्या परत भरता येत नाहीत का?"

काडतुसांचा खर्च निघाला की हा प्रश्न येतोच, कारण अमेरिकेतले रिलोडिंगचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. .२२ चं उत्तर साफ नाही असं आहे. ही रिमफायर जात आहे. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या पोकळ कडेत, गोल फिरवून पसरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चिरडते, मसाला तिथेच पेटतो. कड एकदा चेपली की पुंगळी संपली. बदलण्यासारखा वेगळा भागच तिच्यात नाही. कोणी "भरलेली .२२" देऊ केली तर हात लावू नका.

परत भरता येतात त्या सेंटरफायर पुंगळ्या, आणि त्याही सरसकट नाहीत. त्यांच्या बुडाला मध्यभागी प्रायमरची छोटी वेगळी टोपी असते. आत डोकावून मधोमध एकच भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धत. टोपी आतून ढकलून काढता येते आणि नवी बसते. दोन लहान भोकं बाजूला दिसली तर बर्डन. तिथे मधोमध पितळेचाच उंचवटा असतो, ढकलणारी पिन त्यावर आपटून मोडते, त्यामुळे हौशी माणसाच्या दृष्टीने ती टाकाऊच. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज होता आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चालते ती बॉक्सरची पद्धत. अ‍ॅल्युमिनियमच्या पुंगळ्या भंगारात जातात, पोलादीही भरण्याच्या भानगडीत न पडणंच बरं. पितळेची असूनही तोंडाला चीर असेल, किंवा बुडाच्या थोडं वर चमकदार गोल रेघ दिसत असेल, तर ती पुंगळी पुढच्या फायरला तिथेच तुटू शकते. लष्करी पुंगळीत प्रायमर भोवतीने दाबून पक्का केलेला असतो, तो दाब काढल्याशिवाय नवा नीट बसत नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे उपयोगी पडेल. अमेरिकेत स्वतःपुरतं रिलोडिंग करायला केंद्रीय परवाना लागत नाही. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा तुमचा परवाना त्याला चालत नाही. रिकाम्या पुंगळ्या क्लबकडे मोजून जमा करा.

पुंगळीवरची खूण (खर्च: शून्य, पण पुढचं काम आर्मररचं)

जमा करण्याआधी मात्र पाच पुंगळ्या भिंगाखाली ओळीने लावा. कडेवरचा पिनचा ठसा पाचहींवर सारख्या खोलीचा, सारख्या जागी हवा. कुठे खोल, कुठे उथळ असेल तर मसाला कधी पूर्ण पेटतो, कधी अर्धवट, आणि वेग हलतो. बहुतेक वेळा बोल्टच्या आत जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. थंडीत हे जास्त जाणवतं. पुस्तिकेत बोल्ट खोलण्याची पद्धत दिलेली असेल तर तेवढं खोला, पुसा, जोडा. स्प्रिंग बदलणं, पिन घासणं, हेडस्पेस (बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा) मोजणं हे तुमचं काम नाही आणि माझंही नाही.

इथे थांबा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर एकही गोळी आणखी सोडू नका: नळीवर फुगवटा किंवा आत काळी गोल सावली, पुंगळीची फाटलेली कड, चेहऱ्यावर गॅस येणं, बोल्ट बंद न होता फायर होणं, सेफ्टी लावूनही ट्रिगर सुटणं. नळीच्या तोंडावरचा ओरखडा आणि आतला गंजही याच यादीत धरा, कारण त्यावर घरगुती उपाय नाही. हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडे नळी नेऊ नका. परवानाधारक गनस्मिथ किंवा क्लबचा आर्मरर, दोनच जागा.

जाताना रायफलसोबत शेवटच्या चार टार्गेट शीट, काडतुसांची पेटी लॉट नंबरसकट, पाच रिकाम्या पुंगळ्या आणि एक कागद न्या. कागदावर लिहा: कोणत्या तारखेपासून, साफ केल्यावर किती गोळ्यांनी, काय काय बदलून पाहिलं आणि दुसऱ्याच्या हातात काय झालं. माझ्या त्या दोन बॅरलपैकी एकीचा दोष आर्मररने असा कागद वाचून, रायफल खोलायच्या आधीच सांगितला होता.